पाथर्डीत 'हार्ड', जामखेडात 'जॅम': इंग्रजी अक्षरांत नगर जिल्ह्यातल्या गावांचं काय होतं?

एक खेळ खेळून बघा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौदा तालुक्यांची नावं इंग्रजीत लिहा आणि त्यांत दडलेले इंग्रजी शब्द शोधा.

पाथर्डीत 'पाथ' म्हणजे वाट सापडते आणि लगेच 'हार्ड' म्हणजे कठीणही सापडतं. जामखेडात 'जॅम' आहे. राहात्यात 'हॅट' आहे. नेवाशात 'न्यू' आहे आणि त्याच्या पाठोपाठ 'वॉज' आहे. संगमनेरात 'सँग' म्हणजे गायलं. श्रीरामपुरात 'रॅम' म्हणजे मेंढा आणि एक अक्षर पुढे गेलात तर 'रॅम्प' म्हणजे उतार.

अर्थात, पाथर्डीचा रस्ता कठीण म्हणून हे नाव पडलं असं कुणी म्हणणार नाही. हा निव्वळ योगायोग.

आता दुसरी यादी बघा. कोपरगाव आणि शेवगाव. पारनेर आणि संगमनेर. या जोड्यांमध्येही इंग्रजी अक्षरांची एक रांग सारखी आहे. पण हा योगायोग नाही. या रांगेत गावाचं वय, त्याचा इतिहास आणि कधी कधी त्याचं जुनं नातंही लपलेलं असतं.

सारखी दिसणारी अक्षरं कधी नातं सांगतात आणि कधी फसवतात, हे ओळखायचं कसं? प्रश्न गमतीचा वाटला तरी रेल्वेचं तिकीट, मोबाइलवरचा नकाशा, व्हॉट्सॲपवर आलेली बातमी आणि सरकारी कागद या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे. म्हणून जरा नीट समजून घेऊ.

सात अक्षरं जी बदललीच नाहीत

सुरुवात जिल्ह्याच्या नावापासूनच करू.

३१ मे २०२३ रोजी चौंडीला, म्हणजे अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावी, त्यांच्या जयंतीच्या कार्यक्रमात तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी अहमदनगरचं नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा केली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राची मान्यता आली आणि नाव अधिकृतपणे बदललं.

आता दोन्ही नावं इंग्रजीत एकाखाली एक लिहा. अहमदनगरची दहा अक्षरं होतात, अहिल्यानगरची अकरा. सुरुवातीचे 'ए, एच' तेच आहेत. शेवटचे 'एन, ए, जी, ए, आर' तेच आहेत. म्हणजे दहापैकी सात अक्षरं जागची हललीच नाहीत. मधली तीन गेली आणि चार आली.

मराठीत मोजलं तर गणित उलटं होतं. अहमदनगरची अक्षरं सात, अहिल्यानगरची सहा. इंग्रजीत नाव एका अक्षराने वाढलं आणि मराठीत एका अक्षराने कमी झालं. लिपी बदलली की नावाची लांबीसुद्धा बदलते, ती अशी.

एसटी स्टँडवर, बाजार समितीत, लग्नाच्या बोलणीत लोक पूर्वीही 'नगर' म्हणायचे आणि आजही 'नगर'च म्हणतात. जो भाग रोज तोंडात होता, तो दोन्ही नावांत एकच आहे.

यात आणखी एक गंमत आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस भिंगारजवळ अहमद निजामशाहाने हे शहर वसवलं, तेव्हा अरबी 'अहमद'ला संस्कृतातून आलेला 'नगर' जोडला गेला. गुजरातमध्ये १४११ साली वसलेल्या शहराच्या नावात 'अहमद'पुढे फारसी 'आबाद' आला आणि अहमदाबाद झालं. आपल्या लातूर जिल्ह्यात अहमदपूर आहे. तीन नावं, सुरुवात तीच, शेपूट मात्र तीन तऱ्हेचं: नगर, आबाद, पूर. नाव व्यक्तीचं असलं तरी शेपूट त्या मातीतल्या भाषेचं लागतं.

शेपूट काय सांगतं?

गावांच्या नावांची शेपटं बहुतेक वेळा 'वस्ती' एवढंच सांगतात. पण प्रत्येकाची वाट वेगळी.

गाव: संस्कृतात 'ग्राम', प्राकृतात 'गाम', मराठीत 'गाव'. कोपरगाव, शेवगाव, पिंपळगाव, वडगाव, निमगाव. गुडगावचं २०१६ मध्ये गुरुग्राम झालं, ते आठवा. वरवर वाटतं की मोठा बदल झाला. प्रत्यक्षात शेपूट तेच राहिलं, फक्त शब्द हजार-दीड हजार वर्षं मागे गेला. 'गाव' हाच 'ग्राम'.

खेड: संस्कृतातला 'खेट' म्हणजे लहान वस्ती. त्याचं झालं 'खेड', आणि त्यातूनच आपलं 'खेडं'. जामखेडच्या शेवटी हाच शब्द आहे. पुणे आणि रत्नागिरी जिल्ह्यांत तर नुसतं 'खेड' हेच तालुक्याचं नाव.

वाडी: 'वाट' किंवा 'वाटक' म्हणजे कुंपण घातलेली जागा. तिथून वाडा आणि वाडी. मूळ गावापासून थोडी दूर, शेतावर वसलेली वस्ती ती वाडी.

पूर: संस्कृतातलं 'पुर'. वेदकाळी तटबंदीची जागा, नंतर शहर. श्रीरामपूर, शिंगणापूर.

नेर: हे सगळ्यांत मजेशीर. पारनेर, संगमनेर, जळगावकडचे अमळनेर आणि जामनेर, धुळ्याकडचं पिंपळनेर. पारनेर तालुक्यातही एक पिंपळनेर आहे, संत निळोबारायांचं. आज 'नेर' असा सुटा शब्द आपण बोलताना वापरत नाही. मग हे आलं कुठून? प्रचलित व्युत्पत्ती अशी की संस्कृत 'नगर'चं प्राकृतात 'नयर' झालं आणि बोलता बोलता 'नयर'चं 'नेर'. शेजारच्या जुन्नरबद्दलही असंच सांगतात: जीर्णनगर म्हणजे जुनं नगर, त्याचं जुन्नर.

ही व्युत्पत्ती धरली तर नगर जिल्ह्यात एकच शब्द दोन वयांत नांदतो आहे. संगमनेरातला 'नेर' हा शेकडो वर्षं जिभेवर घासून गुळगुळीत झालेला 'नगर'. अहिल्यानगरातला 'नगर' हा संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला. प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरचं नगर ते संगमनेर. प्रवरेच्याच काठच्या परिसरात विसाव्या शतकात साखर कारखाना उभा राहिला आणि तिथल्या वसाहतीला नाव पडलं प्रवरानगर. शब्द तोच. एकाला काळाने झिजवलं, दुसरा अजून कोरा आहे.

म्हणूनच नव्या वसाहतीला आज कुणी 'नेर' लावत नाही. बिल्डर असो की सरकार, 'नगर'च लावतं. शेपटावरून नावाच्या वयाचा अंदाज बांधता येतो, तो असा.

'गाव'च्या शेवटी 'एन' कशाला?

आता एक प्रश्न. 'गाव' इंग्रजीत आपण 'जी, ए, ओ, एन' असं लिहितो. कोपरगाव, शेवगाव, जळगाव, मालेगाव, गोरेगाव, सगळीकडे तीच चार अक्षरं. पण 'गाव' म्हणताना 'न' कुठे ऐकू येतो? मग हा 'एन' आला कुठून?

जुनी मराठी पुस्तकं काढून बघा. तिथे 'गांव' असं छापलेलं दिसेल, डोक्यावर अनुस्वार देऊन. हिंदीत तो उच्चार आजही नाकातून होतो. इंग्रजांच्या काळात नावं कागदावर आली तेव्हा या नाकातल्या उच्चारासाठी 'एन' बसवला गेला.

पुढे १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी मराठीतले न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. 'गांव'चं 'गाव' झालं, 'नांव'चं 'नाव' झालं. मराठीने टिंब पुसलं, पण इंग्रजी स्पेलिंगपर्यंत ती बातमी पोचलीच नाही. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर मराठीत 'कोपरगाव' आणि खाली इंग्रजीत शेवटी 'एन' दिसतो, तो त्या पुसलेल्या टिंबाची खूण आहे. परप्रांतातला माणूस तो वाचून 'कोपरगाओन' म्हणतो, त्यात त्याची चूक नाही.

'पूर'ची तर इंग्रजीत आणखी वाताहत झाली. कंपनी सरकारच्या काळात नागपूरच्या शेवटी 'पोअर'सारखं स्पेलिंग लिहायचे. सोलापूरच्या शेवटी तर चक्क इंग्रजी 'पुअर' म्हणजे गरीब या शब्दाची अक्षरं असायची. बंगालमधलं सेरामपूर हे मुळात श्रीरामपूरच. आपल्या श्रीरामपूरशी नाव तंतोतंत जुळतं, पण इंग्रजी स्पेलिंग शेजारी शेजारी ठेवलं तर ओळखसुद्धा पटणार नाही. याच सेरामपूरच्या छापखान्यातून विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ साली छापून निघालं. आणि सिंगापूरच्या शेवटी जी इंग्रजी अक्षरं आहेत, ती सेरामपूरच्याच शेपटाची. मूळ नाव सिंहपूर.

म्हणजे एकीकडे अक्षरं सारखी असून शब्द वेगळे, आणि दुसरीकडे शब्द एकच असून अक्षरं वेगळी.

इंग्लंडातही हेच

हा घोळ फक्त आपल्याकडे आहे असं समजू नका. इंग्लंडच्या गावांनाही शेपटं आहेत.

मँचेस्टर घ्या. त्यातलं 'चेस्टर' लॅटिन 'कास्त्रा'वरून आलं. अर्थ, सैन्याची छावणी. रोमन फौजांचे तळ जिथे होते तिथे हे शेपूट लागलं. नगरच्या शेजारचं भिंगार कॅम्प इंग्लंडात असतं आणि रोमनांच्या वेळचं असतं, तर त्याचंही 'भिंगारचेस्टर' झालं असतं. हेच शेपूट लेस्टर आणि ग्लॉस्टर या नावांत आहे. लिहिताना सगळी अक्षरं लिहितात, बोलताना निम्मी गिळतात.

डर्बी आणि रग्बी यांतलं 'बी' म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्या लोकांचं 'गाव'. 'थॉर्प' म्हणजे मुख्य गावापासून दूरची वस्ती, आपल्या भाषेत वाडी.

आणि 'हॅम'? इथे खरी मेख आहे. बर्मिंगहॅम आणि बकिंगहॅम, दोन्हींच्या शेवटी इंग्रजीत तीच तीन अक्षरं. पण अभ्यासक सांगतात की जुन्या इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द होते. एकाचा अर्थ घर किंवा वस्ती, दुसऱ्याचा नदीच्या वळणातली किंवा पाण्याने वेढलेली जमीन. बर्मिंगहॅममध्ये पहिला आहे, बकिंगहॅममध्ये दुसरा. काळाच्या ओघात स्पेलिंग एक झालं आणि फरक बुजला. सँडविचमध्ये घालतात ते हॅम तिसरंच, त्याचा या दोन्ही नावांशी संबंध नाही.

उच्चाराचं विचाराल तर 'ओ, यू, जी, एच' या चार अक्षरांनी शाळेत आपल्याला रडवलेलं आहेच. तीच चार अक्षरं एका शब्दात 'दो' होतात, एकात 'थ्रू', एकात 'टफ' आणि एकात 'कॉफ'. इंग्लंडात एक गाव आहे ज्याच्या नावात ही चौकडी दोनदा येते. स्पेलिंग वाचून उच्चार करायला गेलात तर जीभ वळणार नाही. तिथले लोक साधं 'लफबरा' म्हणतात.

टाकळीची टकली होते तेव्हा

इंग्रजीचा त्रास असा की एका अक्षररांगेचे अनेक उच्चार. मराठी नाव इंग्रजीत नेलं की हाच त्रास आपल्या नावांना होतो.

कारण साधं आहे. आपल्याकडे 'ट' आणि 'त' वेगळे, इंग्रजीत दोघांना 'टी'. 'ड' आणि 'द' वेगळे, तिकडे दोघांना 'डी'. 'ळ' आणि 'ल' दोघांना 'एल'. 'ण' आणि 'न' दोघांना 'एन'. 'अ' आणि 'आ' दोघांना 'ए'.

१८७० च्या दशकात विल्यम विल्सन हंटर या अधिकाऱ्याने भारतीय नावं इंग्रजीत लिहिण्याची एक ठरावीक पद्धत बसवली. तिच्या काटेकोर रूपात अक्षरांवर आणि अक्षरांखाली खुणा देऊन हे फरक दाखवता येतात. पण पाटीवर, अर्जात, मोबाइलच्या कीबोर्डवर त्या खुणा कुणी देत नाही.

परिणाम बघा. जिल्ह्यात टाकळी नावाची बरीच गावं आहेत. इंग्रजीत लिहिलेली टाकळी अनोळखी माणूस टाकळी, टाकली, तकली किंवा सरळ टकली अशी वाचू शकतो. चारही वाचनं त्या अक्षरांना मान्य आहेत. पारनेरचा 'पार' आणि कोपरगावातला 'पर' मराठीत वेगळे, इंग्रजीत सारखेच 'पी, ए, आर'. 'नगर' हे 'नागर' असंही वाचता येतं.

'व'चं दुखणं निराळं. त्याला 'व्ही' लावायचा की 'डब्ल्यू'? १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये नेवासा 'व्ही' घालून लिहिलंय. आज बहुतेक ठिकाणी 'डब्ल्यू' दिसतो. वडगाव, वाडी, हिवरे बाजार, सगळ्यांची हीच कथा. त्याच गॅझेटियरमध्ये आपला अकोले तालुका 'अकोला' असा छापलाय. विदर्भातल्या अकोल्याशी तेव्हाही गोंधळ होत असेल, तर नवल नाही.

आणि राळेगण? पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी देशभर माहीत आहे. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव आहे. इंग्रजीत दोघांमध्ये फरक फक्त एका 'ओ'चा. तो घाईत सुटला की नगर जिल्ह्यातून थेट यवतमाळ.

तीन अक्षरांची मराठी सही

इंग्रजी अक्षरांत मराठी नेहमी हरवतेच असं मात्र नाही. एका ठिकाणी ती लखलखीत उठून दिसते.

नेवासा हे ज्ञानेश्वरीचं गाव. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानदेवांनी तिथे गीतेवरची टीका सांगितली. आता 'ज्ञानेश्वर' इंग्रजीत लिहा. मराठी माणूस सुरुवातीला 'डी, एन, वाय' लिहितो, कारण आपण 'द्न्य' असं म्हणतो. हिंदी भाषक 'जी, वाय' लिहितो, कारण तो 'ग्यान' म्हणतो. गुजरातीत 'जी, एन' दिसतं. संस्कृताच्या वळणाने लिहिणारे 'जे, एन' लिहितात.

अक्षर एकच, 'ज्ञ'. इंग्रजीत गेल्यावर त्याच्या चार जाती झाल्या. आणि 'डी, एन, वाय' ही रांग इंग्रजीच्या रोजच्या शब्दांत सहसा सापडत नाही. सिडनी आणि किडनी जवळ येतात, पण मध्ये 'ई' घुसतो. त्यामुळे जगात कुठेही, कुठल्याही यादीत ही तीन अक्षरं नावाच्या सुरुवातीला दिसली, की ते घर मराठी असणार असं बेलाशक धरून चाला.

कंप्युटरला फक्त अक्षरं दिसतात

इथवर गंमत झाली. आता जिथे त्रास होतो तिकडे वळू.

माणूस नाव वाचताना संदर्भ लावतो. कंप्युटर अक्षरं जुळवतो. १९९६ साली अमेरिकेच्या एओएल या इंटरनेट कंपनीने शिव्या रोखण्यासाठी एक चाळणी लावली होती. इंग्लंडातल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना तिथे खातंच उघडता येईना. कारण त्यांच्या गावाच्या नावात मधोमध चार अक्षरं अशी आहेत, की ती सुटी लिहिली तर इंग्रजीतली शिवी होते. गावाचा त्यात काय दोष? पण यंत्राला ते कळेना. तेव्हापासून अशा घोळाला 'स्कन्थॉर्पचा प्रश्न' असंच नाव पडलं.

आपल्याकडे शिवीचा नाही, पण सारख्या नावांचा प्रश्न रोजचा आहे.

कर्जत: एक अहिल्यानगर जिल्ह्यात, एक रायगडात. मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही अक्षरशः सारखे. रेल्वेच्या ॲपवर कर्जत टाकलं की मुंबई-पुणे मार्गावरचं रायगडचं कर्जत येतं. पाहुणा मुंबईहून नगरच्या कर्जतला निघाला असेल आणि त्याने नाव बघून तिकीट काढलं, तर तो घाटाच्या अलीकडेच उतरेल.

बेलापूर: एक नवी मुंबईतलं, एक श्रीरामपूर तालुक्यातलं. त्यात भर म्हणजे श्रीरामपूर शहराच्या रेल्वे स्टेशनचं नाव 'बेलापूर'. ज्याला हे माहीत नाही तो ॲपवर श्रीरामपूर शोधत बसतो, आणि ज्याला अर्धवट माहीत आहे तो नवी मुंबईचं बेलापूर निवडतो.

शिंगणापूर: नेवासा तालुक्यात शनीचं, सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात शंभू महादेवाचं. म्हणून लोक शनि शिंगणापूर आणि शिखर शिंगणापूर म्हणतात.

मांडवगण: एक श्रीगोंदा तालुक्यात, दुसरं मांडवगण फराटा, पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात.

आता विचार करा. पावसाळ्यात 'कर्जतला पूर, रस्ते बंद' एवढीच पोस्ट फिरली, तर कोणतं कर्जत? सह्याद्रीच्या पायथ्याचं, की दुष्काळी पट्ट्यातलं? पोस्ट खोटी नसते, नाव खरं असतं. तरी ती वाचून भलत्याच घरातले लोक घाबरतात आणि ज्यांनी सावध व्हायला हवं ते निवांत राहतात. तालुका आणि जिल्हा न लिहिलेली बातमी पुढे पाठवताना हे लक्षात ठेवायला हवं.

उपाय जुनाच आहे, आणि देशी आहे

सारख्या नावांचा गुंता आपल्या गावकऱ्यांनी इंटरनेट यायच्या कितीतरी आधी सोडवला होता. त्यांनी नावाला दुसरं नाव जोडलं.

सारखी नावं पडली कशी, ते आधी बघू. माणूस वस्ती करतो तिथल्या खुणेवरून नाव ठेवतो आणि सगळ्यात ठळक खूण म्हणजे झाड. पिंपळ असला की पिंपळगाव, वड असला की वडगाव, निंब असला की निमगाव. झाडं सगळीकडे तीच, मग नावंही तीच.

म्हणून नगर तालुक्यात पिंपळगाव माळवी आणि पिंपळगाव उज्जैनी आहे, पारनेरला पिंपळगाव रोठा, श्रीगोंद्याला पिंपळगाव पिसा. वडगाव गुप्ता नगर तालुक्यात, वडगाव पान संगमनेरात, वडगाव सावताळ पारनेरात. निमगाव वाघा, निमगाव जाळी, निमगाव कोऱ्हाळे ही तीन गावं तीन तालुक्यांत. टाकळी तर ढोकेश्वरची वेगळी, मानूरची वेगळी, काझीची वेगळी, भानाची वेगळी.

हे दुसरं नाव कधी देवाचं असतं, कधी शेजारच्या गावाचं, कधी घराण्याचं. गावाचं ते जणू आडनाव.

कुठे दुसरं नाव सुचलं नसेल तर थोरलं-धाकटं केलं. बुद्रुक आणि खुर्द. राहाता तालुक्यातलं लोणी बुद्रुक आणि लोणी खुर्द तुम्हाला माहीत असेल. दोन्ही शब्द फारसी. 'बुजुर्ग' म्हणजे थोर, त्याचं मराठी तोंडात बुद्रुक झालं. 'खुर्द' म्हणजे लहान. कागदोपत्री ते 'बु.' आणि 'खु.' एवढेच उरले, इंग्रजीत तर दोन-दोन अक्षरं. अर्ज भरताना ती फालतू समजून सोडून दिली की गाव बदलतं. सात-बारावरचं बुद्रुक आणि आधार कार्डावर काहीच नाही, अशी जोडी समोर आली की कारकून पुढे ढकलणारच.

मग करायचं काय?

सारखी अक्षरं दिसली की तीन प्रश्न विचारा.

पहिला: तो तुकडा काढला तर उरलेल्या भागाला काही अर्थ राहतो का? संगमनेरातून 'नेर' काढला की 'संगम' उरतो. पाथर्डीतून 'हार्ड' काढला की काहीच उरत नाही.

दुसरा: तोच तुकडा त्याच जागी आणखी गावांत येतो का? 'नेर' गोदावरीपासून तापीपर्यंत नावांच्या शेवटी येत राहतो. 'हार्ड' एकट्या पाथर्डीत.

तिसरा: मराठीत लिहिल्यावरही ती अक्षरं सारखी राहतात का? पारनेरचा 'पार' आणि कोपरगावचा 'पर' इथे लगेच वेगळे होतात.

तिन्ही प्रश्नांना 'हो' आलं तर नातं असण्याची शक्यता बरीच. नाही तर योगायोग समजा. आणि बर्मिंगहॅम-बकिंगहॅमसारखी उदाहरणं आठवून, तिन्ही 'हो' आले तरी पैज लावू नका.

कागदाचं काम असेल तर अक्षरांवर विसंबूच नका, आकड्यांवर विसंबा. पिनकोड नगर शहराचा ४१४००१ आहे, तो कुठल्याही लिपीत तेवढाच राहतो. गाडीवरचा एमएच १६ नगरचा आणि एमएच १७ श्रीरामपूरचा, तिथे स्पेलिंगचा प्रश्नच नाही. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे. केंद्र सरकारच्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सूचीतही प्रत्येक गावाचा स्वतंत्र क्रमांक असतो. आणि रेल्वेचं तिकीट काढताना स्टेशनच्या नावासमोरचं दोन-चार अक्षरी चिन्ह वाचा. दोन बेलापुरांना ते वेगवेगळं आहे.

पोस्ट लिहिताना नियम त्याहून सोपा: गाव, तालुका, जिल्हा, या क्रमाने तिन्ही लिहा. 'कर्जत' नको, 'कर्जत, जि. अहिल्यानगर' लिहा. 'टाकळी' नको, 'टाकळी ढोकेश्वर, ता. पारनेर' लिहा. आणि जमेल तिथे नाव देवनागरीत लिहा. निदान टाकळीची टकली तरी होणार नाही.